पॅरिस–रूबे रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायची असेल तर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पॅरिस–रूबे ही एकदिवसीय व्यावसायिक सायकल शर्यत १८९६ पासून होते. उत्तर फ्रान्समधून जाणारा साधारण २६० किलोमीटरचा मार्ग, त्यातले ५५ किलोमीटरच्या आसपास जुने दगडी रस्ते. या दगडी रस्त्यांना तिथे ‘पावे’ म्हणतात. २५ संघ, प्रत्येकी ७ सायकलपटू, आणि निकाल एकाच दुपारी. इथे टूर द फ्रान्ससारखी एकूण वेळेची बेरीज नसते, उद्या भरपाई करू असंही नसतं. रूबेच्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल ट्रॅकवर, जो पहिला रेषा ओलांडेल तो जिंकला.

रस्त्याच्या कडेला उभं राहायला तिकीट लागत नाही. तिकीट नाही म्हणजे आसन क्रमांक नाही, प्रवेशद्वार नाही आणि तुम्हाला कुठे जायचं हे सांगणारंही कुणी नाही. त्यामुळे पहिल्यांदा जाणारी माणसं बहुतेक वेळा एकच गोष्ट चुकतात: चार-पाच ठिकाणी शर्यत गाठायचं ठरवतात आणि दिवसभर गाडीत, नाहीतर बंद रस्त्यापाशी अडकून बसतात. एक ठिकाण नीट निवडा. गाडी असेल तर दोन. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलं आहे.

हे भारतातून खास जाणाऱ्यांसाठी आहेच, पण नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींना तर ही शर्यत एका शनिवार-रविवारात जमण्यासारखी आहे.

१. तारीख आधी पक्की करा

शर्यत परंपरेने एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी असते, पण हे गृहीत धरून विमानाची तिकिटं काढू नका. २०२२ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीमुळे ती एक आठवडा पुढे गेली आणि ईस्टरच्या रविवारी आली. २०२३ मध्येही ईस्टरच होता. २०२० मध्ये करोनामुळे रद्द झाली, २०२१ मध्ये ऑक्टोबरात झाली. ईस्टरला आली की ट्रेन आणि हॉटेलं दोन्ही महाग होतात आणि लवकर भरतात.

महिलांची शर्यत २०२१ मध्ये सुरू झाली. २०२१ ते २०२५ ती पुरुषांच्या आदल्या दिवशी, शनिवारी झाली. तुम्ही जाणार त्या वर्षी ती कुठल्या दिवशी आणि किती वाजता आहे हे आयोजकांच्या वेळापत्रकात बघा, कारण त्यावर तुमचा मुक्काम एक रात्र की दोन हे ठरतं. शक्य असेल तर ती चुकवू नका. अंतर कमी, १५० किलोमीटरच्या आसपास, पण मों-आँ-पेवेल आणि कार्फूर द लार्ब्र हे दगडी रस्त्याचे दोन्ही अवघड पट्टे तिच्या मार्गात आहेत आणि शेवट त्याच वेलोड्रोममध्ये होतो. आरेनबेर्गच्या जंगलातला तितकाच अवघड पट्टा मात्र या पहिल्या पाच वर्षांत तिच्या मार्गात नव्हता. शनिवारी तिथे जाऊन वाट बघत बसलेले लोक दिसतात, म्हणून सांगून ठेवलं.

२. कागदपत्रं

भारतातून जाणाऱ्यांसाठी शेंगेन व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट मिळायला त्रास होतो, तेव्हा जानेवारीतच हात घाला. सोबत लागेल ते:

- पासपोर्ट (परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं)
- किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा
- जाण्या-येण्याच्या तिकिटांचं आरक्षण, सगळ्या रात्रींचं हॉटेल आरक्षण
- बँकेची स्टेटमेंट्स, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर रजेचं पत्र
- दिवसवार प्रवासाचा आराखडा

इथे एक नेहमीचा घोळ होतो. रूबे अगदी बेल्जियमच्या सीमेवर आहे, त्यामुळे स्वस्त हॉटेल शोधता शोधता लोक कोर्टराइक किंवा तूर्नेला, म्हणजे बेल्जियममध्ये, खोली घेतात आणि अर्ज मात्र फ्रान्सकडे करतात. ज्या देशात जास्त रात्री राहणार, अर्ज त्या देशाकडे करायचा असतो. हॉटेल आधी ठरवा, मग अर्ज भरा.

शेंगेन देशातला निवासी परवाना असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि परवाना दोन्ही मूळ प्रती जवळ ठेवा. सीमा ओलांडणाऱ्या ट्रेनमध्ये अधूनमधून तपासणी होते आणि फोनमधला फोटो चालत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतोच.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. सोबत मूळ भारतीय परवाना लागतो, आणि चालकाच्याच नावावरचं क्रेडिट कार्ड. डेबिट कार्डावर अनेक ठिकाणी गाडी देत नाहीत.

३. मुक्काम लीलला, पॅरिसला नाही

शर्यतीच्या नावात पॅरिस आहे, पण १९७७ पासून ती पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या काँपिएन्य गावातून सुटते. पॅरिसमध्ये हॉटेल घेऊन सकाळी खाली उतरून बघू, असा काही प्रकार नाही.

मुक्कामासाठी रूबेजवळचं लील शहर सगळ्यांत सोयीचं. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकातून वेगवान ट्रेनने तासाभरात पोहोचता, ब्रसेल्सहून साधारण ३५ मिनिटांत. लीलमध्ये दोन मोठी स्थानकं आहेत: लील फ्लांद्र आणि लील युरोप. दोन्हींमध्ये चालत पाच-सात मिनिटांचं अंतर आहे. तिकिटावर कुठलं लिहिलं आहे ते नीट वाचा. आसपासच्या गावांना जाणाऱ्या लोकल गाड्या फ्लांद्रहून सुटतात.

बेल्जियमकडून येणाऱ्यांना गेंट–कोर्टराइक–लील या मार्गावर रूबेचं स्थानकच लागतं. लीलला जाऊन परत मागे यायची गरज नाही.

४. वेळेचा हिशोब स्वतः करायला शिका

हे एवढं जमलं की बाकी सगळं सोपं होतं. आयोजक मार्गातल्या प्रत्येक ठिकाणासाठी तीन वेळा देतात: वेगवान, मध्यम आणि संथ सरासरीने. अलीकडच्या शर्यती फार वेगाने होताहेत. २०२४ मध्ये माथियू व्हान देर पूलने जिंकताना सरासरी ताशी ४७.८ किलोमीटर पडली. तेव्हा तीनांतली सर्वांत लवकरची वेळ धरा आणि तिच्याही तासभर आधी जागेवर उभे राहा.

हिशोब असा. ताशी ४५ ते ४८ किलोमीटर म्हणजे एका किलोमीटरला सव्वा ते एक मिनिट वीस सेकंद. १० किलोमीटरला सुमारे १३ मिनिटं. सुटायची वेळ सकाळी सव्वाअकराच्या आसपास असेल, तर:

- पहिला दगडी पट्टा, त्र्वाव्हील: सुरुवातीपासून साधारण ९५ किलोमीटर, दुपारी सव्वा ते दीड
- आरेनबेर्ग: शेवटाला ९५ किलोमीटर बाकी, अडीच ते तीन
- मों-आँ-पेवेल: ४८ किलोमीटर बाकी, साडेतीन ते चारच्या सुमारास
- कार्फूर द लार्ब्र: १७ किलोमीटर बाकी, सव्वाचार ते पावणेपाच
- वेलोड्रोम: साडेचार ते सव्वापाच

पट्ट्यांना क्रमांक उलटे दिलेले असतात. तिसाच्या आसपास सुरुवात होते आणि शेवटचा पट्टा क्रमांक १. शेजारी उभा असलेला माणूस ‘अकरा’ म्हणाला तर तो मों-आँ-पेवेलबद्दल बोलतो आहे. प्रत्येक पट्ट्याला अवघडपणानुसार एक ते पाच स्टार असतात. पाच स्टार फक्त तिघांना: आरेनबेर्ग, मों-आँ-पेवेल, कार्फूर द लार्ब्र.

बोरघाटात उभं राहून मुंबई–पुणे शर्यत पाहिलेल्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. घाटात सायकलपटू चढावर हळू होतात, चेहरे ओळखता येतात. पॅरिस–रूबेत चढ जवळपास नाहीच. सपाट दगडांवरून माणसं ताशी ४० च्या पुढे जातात आणि तुमच्यासमोरून पंधरा सेकंदांत नाहीशी होतात. त्यामुळे घोळका विखुरलेला असेल अशी जागा निवडायची, म्हणजे शेवटाच्या जितकं जवळ तितकं जास्त वेळ बघायला मिळतं. आरेनबेर्गला पहिल्या आणि शेवटच्या सायकलपटूत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर पडलेलं असतं. कार्फूरला अर्ध्या तासाहून जास्त.

५. ठिकाण निवडा

*आरेनबेर्ग.* जंगलातून जाणारी २.३ किलोमीटरची सरळ पट्टी, शर्यतीत १९६८ पासून. ती सुचवली जाँ स्टाब्लिन्स्की याने. तो माजी विश्वविजेता आणि त्याआधी इथल्याच कोळसा खाणीतला कामगार, या रस्त्याच्या खालच्या बोगद्यांत काम केलेला. जंगलाच्या तोंडाशी त्याचं स्मारक आहे. खाणीचे लोखंडी मनोरे अजून उभे आहेत आणि हा सगळा खाणपट्टा २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

इथे दगड ओबडधोबड, मधल्या फटी रुंद आणि सावलीमुळे शेवाळ. पूर्वी सायकलपटू ताशी साठच्या वेगाने थेट आत घुसायचे, कारण आत ओलांडून पुढे जायला जागा नाही आणि पहिल्या वीसांत नसलेला माणूस दुसऱ्याच्या पडण्याने अडकतो. १९९८ मध्ये बेल्जियन सायकलपटू योहान म्यूसेऊची गुडघ्याची वाटी इथेच फुटली. जखम इतकी चिघळली की पाय जायची वेळ आली होती. तो २००० मध्ये परत येऊन जिंकला. २०२४ पासून प्रवेशाआधी वळणं घालून वेग कमी केला आहे.

बहुतेक लोक प्रवेशापाशी गर्दी करतात, पण तिथे घोळका एकत्र असतो आणि नुसता रंगांचा पट्टा दिसतो. शेवटच्या पाऊण किलोमीटरकडे चालत जा. तिथे माणसं सुटी झालेली असतात, पंक्चर झालेले दिसतात, संघाची माणसं हातात चाकं धरून उभी असतात. दोन्ही बाजूंना अडसर असतात, ओलांडायची सोय नाही. कुठल्या बाजूला उभं राहायचं ते आत शिरतानाच ठरवा. आणि फोनचं नेटवर्क इथे हमखास झोपतं.

*मों-आँ-पेवेल.* ३ किलोमीटर, उघड्या शेतांतून, मध्ये दोन काटकोनी वळणं. गर्दी आरेनबेर्गपेक्षा विरळ. वळणापाशी उभं राहिलात तर सायकलपटू येताना लांबून दिसतात आणि वळणावर त्यांना थोडं हळू व्हावंच लागतं. चिखल असेल त्या वर्षी बघण्यासारखी याहून चांगली जागा नाही.

*कार्फूर द लार्ब्र.* २.१ किलोमीटर, निर्णायक चाल बऱ्याचदा इथे किंवा याच्या आधीच्या काँफाँ पट्ट्यात होते. ट्रेनने जाणाऱ्यांसाठी पाच स्टारवाल्यांमधलं हेच एक परवडणारं: लील–तूर्ने मार्गावरच्या बेझ्यू स्थानकावर उतरून चार-पाच किलोमीटर चालायचं. रविवारी गाड्या मोजक्या असतात. जायची आणि परतायची गाडी आदल्या दिवशी बघून कागदावर लिहून ठेवा. नकाशात नुसतं ‘कार्फूर’ टाकलंत तर त्या नावाच्या सुपरमार्केटची शाखा दाखवतो. पूर्ण नाव टाका, किंवा जवळच्या ग्रूसाँ गावाचं.

*ऑर्शी आणि तांप्लव.* दोन्ही गावं लील–व्हॅलांसिएन रेल्वेमार्गावर, पट्टे स्थानकापासून चालण्याच्या अंतरात. अवघडपणा मध्यम, गर्दी कमी, लहान मुलं बरोबर असतील तर हेच बरं. तांप्लव नावाची दोन गावं आहेत, एक फ्रान्समध्ये आणि एक तूर्नेजवळ बेल्जियममध्ये. तिकीट काढताना आणि नकाशा लावताना फ्रान्समधलंच निवडलंय ना, हे तपासा.

*वेलोड्रोम, रूबे.* सुमारे ५०० मीटरचा उघडा काँक्रीटचा ट्रॅक. सायकलपटू आत येतात, दीड फेरी मारतात आणि संपतं. मोठ्या पडद्यावर दुपारभर शर्यत दिसते, म्हणून शर्यत समजून घ्यायची असेल तर ही सर्वांत चांगली जागा. दगड मात्र बघायला मिळत नाहीत. सर्वसामान्य प्रेक्षकांचा भाग लवकर भरतो, बाराच्या आत पोहोचा. लीलहून मेट्रोची २ क्रमांकाची लाइन किंवा ट्राम रूबेपर्यंत येते. पुढे अर्धा तास चालावं लागतं. शेजारीच आणखी एक बंदिस्त वेलोड्रोम आहे, त्याला स्टाब्लिन्स्कीचं नाव आहे. शर्यत त्यात संपत नाही.

६. दोन ठिकाणं जोडायची असतील तर

जमणाऱ्या जोड्या थोड्याच आहेत.

गाडीने: आरेनबेर्ग, मग कार्फूर. शर्यतीला मधल्या ७८ किलोमीटरला पावणेदोन तास लागतात. ए-२३ महामार्गाने तुम्हाला गाडीचे ४०-४५ मिनिटं, अधिक दोन्ही टोकांचं चालणं. पण गाडी कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे. शर्यत जात असताना मार्ग ओलांडता येत नाही आणि आरेनबेर्गमधून बाहेर पडून शर्यत परत वालेर–एलेम बाजूला वळते. गाडी महामार्गाच्या बाजूलाच, किमान दोन किलोमीटर लांब, तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा. गावाच्या चौकात लावलेली गाडी रस्ते उघडेपर्यंत तिथेच राहते.

ट्रेनने: सकाळी काँपिएन्यला सुरुवात, दुपारी वेलोड्रोम. सुटल्यावर लगेच पॅरिसची गाडी, तिथून लीलची वेगवान ट्रेन, मग मेट्रो. चारच्या सुमारास पोहोचता. मागे उभं राहावं लागेल, पण सकाळी संघांच्या बसगाड्यांपाशी सायकली अगदी जवळून बघायला मिळतात आणि ते मोलाचं आहे.

न जमणाऱ्या जोड्या: कार्फूर आणि वेलोड्रोम. कागदावर जवळ वाटतात. सायकलपटू ते अंतर वीस-बावीस मिनिटांत कापतात, तुम्ही नाही. ऑर्शी आणि वेलोड्रोमही तसंच. शर्यतीला ८० मिनिटं लागतात, तुम्हाला ट्रेन, मेट्रो आणि चालणं धरून तेवढीच लागतात, आणि ट्रेनची वाट बघण्याचा वेळ त्यात धरलेला नाही.

दोन दिवस आधी पोहोचू शकत असाल तर गुरुवार-शुक्रवारी आरेनबेर्ग किंवा कार्फूरला चक्कर मारा. संघ त्या दिवशी पट्ट्यांवर सराव करतात, टायरचा दाब ठरवतात, पुन्हा मागे येऊन तोच पट्टा दुसऱ्या चाकांवर करतात. गर्दी नसते.

७. बरोबर काय न्यायचं

एप्रिलमध्ये तिथे सकाळी ५ अंश आणि दुपारी १५, मध्ये पाऊस, असं एकाच दिवसात होतं. शेतात वारा अडवायला काही नाही.

- पाण्यात चालणारे, घोट्यापर्यंतचे बूट. स्पोर्ट्स शूज शेतातल्या चिखलात संपतात
- रेनकोट. छत्री नको, ती मागच्यांचा नजारा बंद करते आणि वाऱ्यात रस्त्यावर जाते
- कोरडा दिवस असेल तर साधा चष्मा किंवा गॉगल. गाड्यांच्या ताफ्यामागून उठणारी धूळ डोळ्यांत जाते
- पॉवर बँक, आणि मार्गाचा व वेळांचा छापील कागद
- घडीचं लहान स्टूल, बसण्यासाठी प्लॅस्टिकचा तुकडा
- १.५ ते २ लिटर पाणी प्रत्येकी, टिशू, कचऱ्याची पिशवी
- सुटी युरो नाणी

खाणं घरून न्या. रविवारी गावांतली दुकानं दुपारपर्यंत बंद होतात. मार्गालगत तळलेले बटाट्याचे फ्रीत मिळतात, पण या भागात ते परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. दशम्या, चिवडा, भाकरवडी यांना गरम करावं लागत नाही आणि त्या दिवसभर टिकतात. पट्ट्यांवर स्वच्छतागृहं नाहीत किंवा फार थोडी आहेत. निघण्याआधी सोय बघा.

८. शर्यत येते तेव्हा काय बघायचं

आधी हेलिकॉप्टरचा आवाज येतो. मग पोलिसांच्या मोटरसायकली, संचालकांची लाल गाडी, आणि पळून पुढे गेलेला छोटा गट. त्यांच्यामागे मुख्य घोळका. तुमच्या समोर एखादी खूण धरा, खांब किंवा झाड. पहिल्याचं पुढचं चाक तिथून गेलं की फोनमधलं स्टॉपवॉच सुरू करा, पुढचा गट आला की थांबवा. नेटवर्क नसलं तरी अंतर तुम्हाला कळतं.

मग दगडांकडे बघा. रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो. मधल्या माथ्यावर दगड जरा सपाट आणि कोरडे, तिथे ताकद असलेले चालतात. कडेच्या मातीच्या पट्टीत हादरे कमी, पण धारदार खडे तिथेच आणि पंक्चरही तिथेच. थकलेला माणूस हळूहळू कडेला सरकतो. कोण माथ्यावर आहे आणि कोण कडेला, एवढं बघितलं तरी कुणात किती उरलंय ते कळतं.

सायकली नेहमीच्या नसतात. टायर ३० मिलिमीटरच्या पुढे, बहुतेक ३२ किंवा त्याहून रुंद, आणि हवा ३ ते ४ बारच्या आसपास. दाब जास्त ठेवला तर चाक दगडावरून उडतं आणि पकड सुटते. फार कमी ठेवला तर दगडाची कड थेट रिमवर आदळते. काही संघांनी चालत्या शर्यतीत दाब कमी-जास्त करणारी यंत्रणाही वापरली आहे. हँडलवर जाड टेप, बाटलीचे स्टँड घट्ट केलेले. तरी पहिल्या पट्ट्यानंतर रस्त्यावर बाटल्या विखुरलेल्या दिसतील.

पंक्चर झालं की संघाची गाडी लगेच पोहोचत नाही. अरुंद रस्त्यावर ती मागच्या गटामागे अडकलेली असते. म्हणून संघ आपली माणसं पट्ट्याच्या शेवटी चाकं घेऊन उभी करतात. डिस्क ब्रेक आल्यापासून चाक बदलायला वेळ जास्त जातो, तेव्हा संघाची गाडी मिळाली तर सरळ सायकलच बदलतात. अशी बदली तुमच्या समोर झाली तर मागे सरका आणि हात लावू नका. मदत करायला गेलेला प्रेक्षक बहुतेक वेळा वाटेत येतो.

९. हे अजिबात नको

पावेवर पाऊल ठेवून फोटो काढू नका, फोन धरलेला हात अडसराबाहेर नेऊ नका. सायकलपटू कडेवरून, तुमच्या बोटांपासून वीतभर अंतरावरून जातात.

काहीही फेकू नका. २०२४ मध्ये एका प्रेक्षकाने व्हान देर पूलच्या चाकाकडे टोपी फेकली. २०२५ मध्ये दुसऱ्याने भरलेली बाटली त्याच्या चेहऱ्यावर मारली. पुढे पोलीस प्रकरण झालं. ताशी ४५ च्या वेगाने दगडांवर चाललेला माणूस तोंडावर आघात झाल्यावर पडला तर जिवावर बेतेल.

दगड आठवण म्हणून उपटून नेऊ नका. एक दगड निघाला की शेजारचे सैल होतात आणि पावसात तिथे खड्डा पडतो. ‘आमी द पारी–रूबे’ या संस्थेचे स्वयंसेवक वर्षभर हे दगड गुडघ्यांवर बसून पुन्हा बसवतात. बाटली हवी असेल तर मार्गपत्रिकेत दाखवलेल्या कचरा टाकण्याच्या जागेजवळ उभे राहा. सायकलपटूंना इतरत्र टाकल्यास दंड होतो, त्यामुळे त्या तिथेच पडतात. उचलायची मात्र शेवटची गाडी गेल्यावर.

ती शेवटची गाडी ओळखा. तिच्यावर ‘शर्यत समाप्त’ अशा अर्थाची फ्रेंच पाटी असते. पहिला गट गेला की निम्मे लोक रस्ता ओलांडायला लागतात. मागे अजून चाळीस-पन्नास सायकलपटू आणि त्यांच्या गाड्या यायच्या असतात. पाटी दिसेपर्यंत अडसराच्या आतच.

१०. परतीचं

लीलहून पॅरिस किंवा ब्रसेल्सची गाडी त्याच संध्याकाळी घेणार असाल तर साडेसातच्या आधीची घेऊ नका. वेलोड्रोममधून सगळे एकदम निघतात, मेट्रोत दोन-तीन गाड्या सोडाव्या लागतात. पारितोषिक समारंभात विजेत्याला दगड बसवलेला चषक मिळतो. तो बघून निघालात तर सहा वाजतात.

पण लगेच निघूही नका. समारंभ संपल्यावरही एकेक, दोन-दोन सायकलपटू आत येत राहतात, काही तर वेळेच्या मर्यादेबाहेर गेलेले, निकालात नाव नसलेले. तरी ते दीड फेरी पूर्ण करतात. तोवर स्टँड रिकामे झालेले असतात आणि अगदी पुढच्या कठड्याशी जागा मिळते.

कार्फूरहून बेझ्यूला परतणाऱ्यांनी शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरायचं ठरवावं. चिखलातून पाच किलोमीटर चालायला सव्वा तास सहज लागतो.